नाळ : बोरूपासून कड्याच्या चिरेपर्यंत

पुणे जिल्ह्याच्या वेल्हे भागात, सह्याद्रीच्या अगदी कडेला, सिंगापूर नावाचे गाव आहे. तिथून सरळ खाली कोकणात उतरले की दापोली लागते. हे सिंगापूर समुद्रापलीकडचे नव्हे आणि ही दापोलीही रत्नागिरी जिल्ह्यातली प्रसिद्ध दापोली नव्हे. महाड तालुक्यातले ते एक लहानसे गाव. दोन्हींच्या मधल्या कड्याला एक अरुंद, उभी, दगडधोंड्यांनी भरलेली चीर पडली आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसे तिच्यातून चढउतार करत आली आहेत. तिचे नाव सिंगापूरची नाळ. त्याच मुलखात आग्या नाळ आहे. मोहरीच्या पठारावरून लिंगाण्याच्या पायाकडे उतरणारी बोराट्याची नाळ आहे. डोंगर भटकणाऱ्या मंडळींत तिचे नाव मोठे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला लागून बेलपाड्याहून वर येणारी जी अवघड वाट, तिला तर नुसतेच नळीची वाट म्हणतात.

नाळ, नळी. शहरातल्या माणसाला नाळ म्हटले की बाळाची नाळ आठवते, किंवा भाषणात हमखास येणारी ‘मातीशी जोडलेली नाळ’. डोंगरातल्या माणसाला मात्र या शब्दाने पायाखालचा उतार दिसतो. एवढा नेमका अर्थ असलेला, इतका जुना आणि आजही वापरात असलेला हा शब्द कुठून आला, याचा माग काढताना आपण नदीकाठच्या पोकळ गवतापर्यंत जातो. वाटेत उंटावरची तोफ आणि अमेरिकेतली एक जगप्रसिद्ध दरीही भेटते.

आधी वस्तू नीट पाहू. वृत्तपत्रांत सगळ्याच खोलगट जागांना ‘दरी’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. मोटार कोसळली की ती दरीत कोसळते, मग ती जागा खोरे असो, घळ असो की ओढ्याचे पात्र. डोंगरात राहणाऱ्यांचे असे भागत नाही. दोन डोंगरांमधली ऐसपैस, नदी मधून वाहणारी, शेती-वस्ती असलेली जमीन म्हणजे खोरे. शिवकाळातली रोहिडखोरे, मुठे खोरे, मोसे खोरे ही नावे प्रसिद्धच आहेत. हाच शब्द माती ओढण्याच्या अवजारालाही आहे आणि ‘खोऱ्याने पैसा ओढतो’ या बोलण्यात तो अजून टिकून आहे. डोंगराची धार जिथे मध्येच खचून वाट देते ती खिंड. भिंतीला पडणारे खिंडार याच शब्दाच्या नात्यातले. 1660 मध्ये बाजीप्रभूंनी लढवली ती घोडखिंड आणि 1661 च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज जिथे कोंडली ती उंबरखिंड, या दोन्ही नावांत ‘खिंड’ अगदी अर्थाबरहुकूम आहे. घाट म्हणजे वर चढून जाणारी वहिवाटीची वाट. हा शब्द संस्कृत ‘घट्ट’वरून आला. मुळात नदीकाठच्या उताराला आणि पायऱ्यांना घाट म्हणत. तो पाण्याच्या कडेवरून डोंगराच्या कडेवर चढला आणि युरोपीयांनी तर अख्ख्या पर्वतरांगेलाच ‘घाट’ करून टाकले.

या सर्वांहून नाळ वेगळी. नाळ म्हणजे कड्याला वरपासून खालपर्यंत पडलेली अरुंद चीर: दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, तळाला गडगडत आलेले धोंडे, चढ इतका की हात टेकल्याशिवाय भागत नाही. तिला दोनच तोंडे असतात. एक वर घाटमाथ्यावर आणि एक खाली कोकणात. मध्ये कुठे डावी-उजवी वाट फुटत नाही. एकदा शिरले की दुसऱ्या टोकालाच निघायचे. घाटात बैल चढवता येतो, म्हणून भीमाशंकरच्या परिसरात बैलघाट नावाची वाट आहे. नाळेत बोजा असेल तर तो बहुधा माणसाच्याच डोक्यावर असतो. याच परिसरात शिडी घाट आहे, सह्याद्रीत निसणीच्या वाटाही आहेत. निसण म्हणजेही शिडीच, संस्कृत ‘निःश्रेणी’ची मराठी लेक. ही नावे सौंदर्य पाहून ठेवलेली नाहीत. पुढे जाणाऱ्याला काय करावे लागणार आहे, हे ती सांगतात. शिडी घाट म्हटल्यावर गुरे न्यायची नाहीत आणि नाळ म्हटल्यावर अंधार पडायच्या आत बाहेर पडायचे, एवढे त्या मुलखात वाढलेल्या पोरालाही कळते.

आता शब्दाकडे.

वैदिक संस्कृतात ‘नड’ असा शब्द आहे. पाणथळ जागी वाढणारे, पेरापेरांचे, आतून पोकळ असलेले उंच गवत म्हणजे नड. आपल्याकडे ज्याच्या लेखण्या करत त्या बोरूच्या जातकुळीतले. याच ‘नड’चे पुढे ‘नल’ झाले. (दमयंतीचा नलही या बदलातून सुटलेला नाही, शतपथ ब्राह्मणात ‘नड नैषिध’ असा राजा येतो.) गवताच्या नावावरून गवताच्या आकाराला नाव मिळाले: नाड, नाडी, नाल, नाली, नलिका. पोकळ दांडा तो नाल, म्हणून कमळाचा देठ नाल. शरीरातली पोकळ वाहिनी ती नाडी. वैद्य जी हातात धरतो तीही हीच. पाणी वाहून नेते ती प्रणाली. आज आपण ‘शासनप्रणाली’ म्हणतो तेव्हा त्यात मूळची पाण्याची पन्हळ आहे, हे कुणाच्या ध्यानात नसते. प्राचीन भारतात भांड्यातल्या पाण्यावरून वेळ मोजत आणि 24 मिनिटांच्या त्या कालखंडाला घटिकेइतकेच नाडिका किंवा नालिका हेही नाव होते. तमिळमध्ये 24 मिनिटांना आजही ‘नाळिगै’ म्हणतात.

मराठी घरात तर हे कुटुंब सगळीकडे पसरले आहे. मोरीतला नळ, दिवाळीच्या फटाक्यांतली नळी, सोनाराची फुंकनळी, कोकणातल्या जुन्या घरांवरची नळीची कौले, कागद ठेवायचे नळकांडे, आणि मटणाच्या रश्शातली नळी तर नक्कीच. ती तोंडाला लावून जोराने ओढणाऱ्या माणसाला व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही. पोकळ आणि लांब एवढे दोन गुण त्याला पुरतात. आईच्या पोटातल्या बाळाला अन्न पुरवणारी नाळ तीच, आणि कड्याला पडलेली पोकळ, लांब चीर तीही तीच. शब्द एक, वस्तू अनेक.

नाळेतला ‘ळ’ हा या शब्दाच्या घराण्याचा सज्जड पुरावा आहे. मराठीने संस्कृत-प्राकृतातून शब्द घेताना एक शिस्त पाळली. दोन स्वरांमध्ये एकटा ‘ल’ असेल तर मराठीत त्याचा ‘ळ’ झाला आणि जोड ‘ल्ल’ असेल तर त्याचा ‘ल’ उरला. फलचे फळ झाले, कालचा काळ, कमलचे कमळ. उलट फुल्लचे फूल आणि भल्लचा भाला. सर्वांत मजेदार जोडी तोंडाजवळच सापडते: ‘गल्ल’चा गाल झाला आणि ‘गल’चा गळा. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांनी 1920 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मराठीच्या अशा ध्वनिबदलांची व्यवस्थित मांडणी केली. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्या ग्रंथाचा ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने अनुवाद केला आहे. भाषेच्या इतिहासाची गोडी असलेल्याने तो जरूर चाळावा, जड वाटला तरी.

ही शिस्त लावली की नाळेचा निकाल लगेच लागतो. संस्कृत ‘नाल’मधला एकटा ‘ल’ मराठीत ‘ळ’ झाला. म्हणजे हा शब्द वडिलोपार्जित आहे, बाहेरून उसना आणलेला नाही. आता घोड्याच्या खुराला मारतात तो नाल पाहा. तो ‘ल’ने लिहितात, ‘ल’नेच उच्चारतात. कारण त्याचा नाळेशी काडीचाही संबंध नाही. तो अरबी ‘नअल’ म्हणजे पादत्राण या शब्दावरून आला. मराठीतली ‘ल’चा ‘ळ’ करण्याची खटपट संपल्यानंतर आला, म्हणून त्याचा ‘ल’ शाबूत राहिला. आणि महापालिका दर पावसाळ्याआधी ज्याची सफाई करते तो नाला? त्याचे मूळ आणि नाळेचे मूळ एकच, पण तो हिंदुस्थानीच्या वाटेने फिरून आलेला दिसतो, म्हणून ‘ल’ घेऊन आला. इंग्रजांनीही हिंदुस्थानात आल्यावर हा शब्द उचलला आणि त्यांच्या लष्करी अहवालांत ओढ्या-ओहोळांना सर्रास ‘नल्ला’ म्हटले जाऊ लागले. एकाच घरातली दोन भावंडे, एक गावात वाढले, एक परगावी. उच्चारावरून ओळखू येते.

इथे एका लोकप्रिय समजुतीशी थोडे भांडले पाहिजे. देश आणि कोकण ही आई-लेकरे, आणि त्यांना जोडणारी म्हणून ही वाट नाळ, असे स्पष्टीकरण अधूनमधून ऐकायला मिळते. ऐकायला ते गोड आहे, पण टिकत नाही. बाळाच्या नाळेवरून कड्याच्या चिरेला नाव पडलेले नाही. दोन्हींना पोकळ नळीच्या आकारावरून स्वतंत्रपणे नाव मिळाले आहे. नळीची वाट, आंबेनळी घाट ही नावे याला साक्ष आहेत. बाळाच्या नाळेला कुणी नळी म्हणत नाही, चिरेला मात्र नाळही म्हणतात आणि नळीही. डोंगरातल्या माणसाने पाहिला तो आकार. नाते नंतर लेखकांनी जोडले. तसे जोडायला माझी हरकत नाही, फक्त त्याला व्युत्पत्ती म्हणू नये.

आकारावरून नाव पडते याला मराठीतच आणखी एक पुरावा आहे. बंदुकीच्या आणि तोफेच्या लांब पोकळ भागालाही नाळ म्हणतात. मोगल आणि मराठा काळातल्या लढायांच्या वर्णनांत सुतरनाळा भेटतात. शुतुर म्हणजे फारसीत उंट. उंटाच्या पाठीवर बसवलेली हलकी तोफ ती सुतरनाळ. हत्तीवरची गजनाळ. गवताची पोकळ काडी, तोफेची नळी आणि डोंगरातली चीर: या तीन वस्तूंना एकत्र आणणारा धागा आपल्याच भाषेला सुचला असे वाटत असेल तर स्पॅनिशकडे वळावे.

लॅटिनमध्ये ‘कान्ना’ म्हणजे बोरू, वेत, पोकळ गवत. तो ग्रीकमधून आला आणि ग्रीकांनी तो पश्चिम आशियातल्या सेमिटिक भाषांकडून घेतला. हिब्रूतला ‘कानेह’, अक्कडी भाषेतला ‘कनू’ हे त्याचे पूर्वज-भाईबंद, अर्थ तोच. या कान्नापासून युरोपीय भाषांत केवढा पसारा झाला! उसाला इंग्रजीत शुगरकेन म्हणतात त्यातला केन, आपल्याकडे पाटबंधाऱ्यामुळे घरोघरी पोचलेला कॅनॉल, दूरचित्रवाणीचे चॅनेल, सगळे याच बोरूच्या बेटातले. इटालियनमध्ये कान्नाचे मोठे रूप ‘कान्नोने’ म्हणजे मोठी नळी. त्यावरून तोफेला कॅनन हे नाव मिळाले. आणि स्पॅनिशमध्ये ‘कान्यो’ म्हणजे नळी, तिचे मोठे रूप ‘कान्योन’. स्पॅनिश माणूस आजही कान्योन म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ तोफेची नळी असा होतो आणि उभ्या भिंतींची अरुंद दरी असाही होतो. इंग्रजीतला कॅन्यन हाच. अरबीतला ‘कनात’ हा भुयारी पाटाचा शब्दही याच सेमिटिक मुळातला.

म्हणजे इकडे नड, नळी, सुतरनाळ, बोराट्याची नाळ. तिकडे कान्ना, कान्यो, कॅनन, ग्रँड कॅन्यन. दोन्ही मुळांचा एकमेकांशी संबंध नाही, कुणी कुणाकडून उसने घेतलेले नाही. हजारो कोसांवरच्या दोन समाजांनी पाणथळातले तेच गवत मोडून आत पाहिले आणि पुढचा सगळा प्रवास स्वतंत्रपणे, पण त्याच टप्प्यांनी केला. शब्दांच्या अभ्यासात अशी जुळणी क्वचित मिळते आणि मिळाली की आनंद होतो.

फरक एका ठिकाणी पडला. स्पॅनिश लोकांनी हा शब्द अमेरिकेत नेला. 1540 मध्ये कोरोनादोच्या मोहिमेतला गार्सिया लोपेस दे कार्देनास कोलोराडो नदीच्या त्या प्रचंड खाईच्या काठावर पोचला. ती पाहणारा तो पहिला युरोपीय. ही खाई सुमारे 446 किलोमीटर लांब, काही ठिकाणी 29 किलोमीटर रुंद आणि 1.8 किलोमीटरपर्यंत खोल. 29 किलोमीटर रुंदीच्या जागेला नळी म्हणायला धाडस हवे! पण शब्द एकदा फिरस्त्यांच्या तोंडी बसला की मूळ माप विसरतो. सह्याद्रीतल्या नाळेने आपले माप सोडलेले नाही. जिथे दोन भिंती अंगावर येतात तिथेच नाळ म्हणायचे, हा नेम अजून पाळला जातो.

दरीच्या शब्दांना जगात आणखीही बऱ्याच वाटांनी जन्म मिळाला आहे, त्यातल्या एकदोन पाहून घेऊ. फ्रेंच ‘राव्हीन’ म्हणजे खोल ओहोळ. तो लॅटिनमधल्या लुटीच्या शब्दावरून आला. डोंगरावरून लोंढा येतो, माती, झाडे, दगड लुटून नेतो आणि मागे जी खाच उरते तिला लुटीचेच नाव. आपली दरी संस्कृत ‘दॄ’ या धातूवरून आली. दॄ म्हणजे चिरणे, फाडणे. विदीर्ण, विदारक हे शब्द त्याच धातूचे. फारसीत ‘दरीदन’ म्हणजे फाडणे आणि ‘दर्रे’ म्हणजे दरी. ग्रीकमध्ये याच कुळातल्या धातूचा अर्थ सोलणे असा झाला, सोलून निघते ती त्वचा म्हणून तिला ‘डर्मा’. त्वचेच्या डॉक्टरांच्या पाटीवरचा डर्मॅटॉलॉजिस्ट आपल्या दरीचा असा दूरचा नातलग निघतो.

पण संस्कृतातली दरी ही आजची दरी नव्हे. संस्कृत कवींच्या दरीत माणसे राहतात, तिला दार असते, आत अंधार असतो. कारण तिचा मुख्य अर्थ गुहा असा आहे. अमरकोशाच्या शैलवर्गात दरी आणि कंदर ही एकाच वस्तूची नावे दिली आहेत आणि ती गुहेच्या अगदी शेजारी आहेत. आडवी चीर म्हणजे गुहा आणि उभी चीर म्हणजे आजची दरी. फाटणे दोन्हीकडे आहे. ‘दरी’ने मराठीत येईपर्यंत दिशा बदलली.

हाच खेळ ‘घळ’ या शब्दात अजून चालू आहे. महाड तालुक्यातली शिवथरघळ दासबोधाशी जोडलेली आहे. तिथे पहिल्यांदा जाणारे बरेच जण अरुंद दरी असेल अशा कल्पनेने जातात आणि समोर येते ती धबधब्याशेजारची प्रशस्त गुहा. समर्थसंप्रदायात प्रसिद्ध असलेल्या रामघळी, मोरघळ याही गुहाच. त्याच वेळी खेड्यात ओढ्याने कापलेल्या खोल खाचेला घळ म्हणतात, आणि शाळेच्या भूगोलात नदीच्या वरच्या टप्प्यातल्या अरुंद, उभ्या काठांच्या दरीला ‘घळई’ म्हणून शिकवतात. घळ शब्द ऐकला की आधी विचारावे लागते, आडवी की उभी. नाळेच्या बाबतीत असा प्रश्नच येत नाही, आणि म्हणून उभ्या चिरेसाठी घळईपेक्षा नाळ हा शब्द मला सरस वाटतो. पाठ्यपुस्तकांनी तो जवळ केला असता तर मुलांना कोलोराडो नदीचा दाखला देण्याआधी लिंगाण्याचा देता आला असता.

नाळ तयार कशी होते, तेही पाहायला हवे. सह्याद्री काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. काही थर घट्ट आणि चिवट, काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले आणि मऊसर. पाणी मऊ थर लवकर खाते, घट्ट थर उभा राहतो, म्हणून डोंगराला पायऱ्या पडतात. स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्रापा’ म्हणतात, त्यावरून या खडकाला ट्रॅप नाव मिळाले. एवढ्याने कडा मिळतो, नाळ मिळत नाही. नाळेसाठी खडकाला उभी भेग लागते. थंड होताना लाव्हा आकसतो आणि उभा तडकतो. पुढे जमिनीच्या हालचालींमुळे लांबच लांब भेगा पडतात. काही भेगांतून नंतरचा लाव्हा वर येऊन तिथेच थिजतो आणि खडकात उभी भिंत तयार होते, तिला डाइक म्हणतात. डाइकचा दगड किंवा त्याच्या कडेचा तडकलेला खडक लवकर कुजणारा असला की पाण्याला वाट सापडते.

आणि पाणी इथे थोडेथोडके नाही. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. घाटमाथ्याच्या पूर्वेला वाहणाऱ्या कृष्णा, नीरा, भीमा यांना समुद्र गाठायला शेकडो कोस जायचे असते, त्यामुळे त्यांचा उतार सौम्य. पश्चिमेला सावित्री, काळ यांसारख्या नद्यांना समुद्र जवळ आणि उतार भयंकर. म्हणून कोकणातले ओढे मागे मागे सरकत कड्याला खात जातात. भेग असेल तिथे हे खाणे सर्वांत जलद होते. नाळ म्हणजे कोकणच्या ओढ्याने देशाच्या कड्यात घेतलेली आघाडी. ती अजून पुढे सरकते आहे. फक्त तिचा वेग माणसाच्या आयुष्याच्या हिशोबात बसत नाही.

या भूगर्भशास्त्रात आपल्या नळीने एक मानाची जागा पटकावली आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा घाट म्हणजे आंबेनळी. दख्खनच्या लाव्हाथरांची रासायनिक गुणांवरून विभागणी करताना अभ्यासकांनी थरांना इथल्याच गावाघाटांची नावे दिली: खालून वर जव्हार, इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा असे करत पुढे पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. डायनासोरांच्या अंताची चर्चा करणाऱ्या परदेशी शोधनिबंधांत ‘आंबेनळी फॉर्मेशन’ हा शब्द सतत येतो. लिहिणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, की त्यातल्या ‘नळी’चा अर्थ त्यांच्या ‘कॅन्यन’च्या मूळ अर्थाशी तंतोतंत जुळतो?

नावांचा दुसरा भागही ऐकण्यासारखा असतो. बोराटी म्हणजे रानबोरीचे काटेरी झुडूप. आग्या म्हटले की कड्याला लटकणारी आग्या मोहोळे आठवतात. ज्या नाळेच्या नावात ती आहेत तिथे धूर आणि आरडाओरडा टाळलेलाच बरा. सांधणचे उदाहरण वाईट वाटायला लावते. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळची ही अरुंद, खोल चीर स्थानिक लोक ‘सांधण’ म्हणून ओळखत. पर्यटकांची गर्दी वाढली तशी तिची ‘सांधण व्हॅली’ झाली, वर ‘व्हॅली ऑफ शॅडोज’ असे भपकेबाज नावही चिकटले. व्हॅली म्हणजे खोरे. दोन हात पसरले तर भिंती लागाव्यात इतक्या अरुंद ठिकाणाला खोरे म्हणणे ही निव्वळ चूक आहे.

शेवटी जाणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. नाळ ही पाण्याची नळी आहे. माणूस तिच्यातून कोरड्या महिन्यांत जातो एवढेच. पावसाळ्यात आणि अवकाळी ढग जमलेले असताना तिच्यात शिरू नये, कारण पाऊस माथ्यावर पडला तरी लोंढा तळाला येतो आणि बाजूला सरकायला जागा नसते. उतरताना वरच्या माणसाच्या पायाने सुटलेला धोंडा खालच्याच्या अंगावर येतो, म्हणून एकामागोमाग रांगेत चालू नये. एक टप्पा पार झाल्याशिवाय दुसऱ्याने निघू नये. आणि घाटमाथ्यावरच्या कुठल्याही वाडीत मुक्काम पडला, तर तिथल्या वयस्कर माणसाला आसपासच्या नाळा, नळ्या, घळी, निसणी यांची नावे विचारा. वरचे गाव कुठले, खालचे कुठले, नाव कशावरून पडले, हेही विचारा आणि वहीत उतरवून घ्या. रस्ते झाल्यापासून या वाटांनी बाजारहाट करणारी पिढी संपत आली आहे आणि यांतली बरीच नावे अजून कुठल्याही छापील नकाशावर नाहीत.